नलिनीताईंच्या सहा काचा

नलिनीताईंचे यजमान माधवराव यांचं पोस्टकार्ड मला बदलीच्या गावी मिळालं, तेव्हा ताईंना जाऊन नऊ दिवस झाले होते. कार्ड वाचताना मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच... सुटलो, आता त्यांना सांगावं लागणार नाही. दुःख त्यानंतर आलं. महिना उलटला, तरी या क्रमाची लाज जात नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सुरतच्या आमच्या कॉलेजात ताई प्राणिशास्त्र शिकवायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली प्रयोगशाळेत होतो. आमचं काम काळ्या आजारावर, म्हणजे काला-आजार या तापावर, होतं; त्याचे परजीवी प्लीहेत दडून बसतात. तिथवर औषध पोचवायचं तर इतकं द्यावं लागतं, की रोगीच खचतो. चरबीच्या सूक्ष्म बुडबुड्यांत भरलेलं औषध नेमकं प्लीहेत उतरतं, असं ताईंनी वाचलं होतं. सोबत क्षयाची बीसीजी लस टोचून शरीराची प्रतिकारशक्तीही जागी करायची, ही कल्पना त्यांची. "अर्धे औषधाने मारावेत, उरलेले शरीर मारेल," त्या म्हणायच्या. बुडबुड्यांसाठी अंड्याचा बलक लागे. सुरतेतच कतारगामला त्यांच्या कडक शाकाहारी शेजारात अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. मग ताई लांबून अंडी आणत, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून.

प्रयोगात हॅमस्टरांचे, म्हणजे उंदरासारख्या प्राण्यांचे, चार गट होते : बिनउपचाराचा, नुसत्या बीसीजीचा, नुसत्या औषधाचा आणि दोन्हींचा. त्यांच्या प्लीहेचा लेप दिलेल्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली धरून परजीवी मोजायचं काम माझं. दोन्ही उपचार दिलेल्या शेवटच्या गटाच्या सहा काचा उरल्या होत्या आणि मला मुलगी बघायला नवसारीची गाडी पकडायची होती. मी आधीच्या गटाचे आकडे थोडे इकडेतिकडे करून लिहून टाकले.

"नीट पाहिल्यास ना रे, वसंत?"

"हो, ताई."

दोन्ही एकत्र देऊनही फरक नाही, असं ठरलं. "माझीच कल्पना कच्ची," म्हणत ताईंनी ते काम कायमचं सोडलं. पुढच्या वर्षी कपाट आवरताना मी त्या काचा पहिल्यांदा खरोखर पाहिल्या... जवळजवळ स्वच्छ होत्या, परजीवी नावालाच. भिंतीपलीकडे ताई शिकवत होत्या, त्यांचा आवाज येत होता. मी काचा परत ठेवल्या. नंतर माझी बदली झाली.

परवा कतारगामला जाऊन माधवरावांना सगळं सांगितलं. ते उठले. मग आतून ताईंची वही घेऊन आले आणि एक पान उघडून म्हणाले, "वाचा, वसंतराव."

ताईंचं बारीक अक्षर होतं. 'शेवटच्या सहा काचा पुन्हा मोजाव्यात.' त्यावर एक आडवी रेघ. आणि खाली : 'नको. वसंतने मोजल्या आहेत.'