दीड विटेची भिंत

ती केस आठवली की मला आधी माणसं आठवत नाहीत. आठवतो ढिगाऱ्यातून निघालेला विटांचा एक तुकडा. दोन शिपायांनी मिळून उचलावा लागला, एवढा जड. मुद्देमाल म्हणून तो पोलीस ठाण्याच्या मागच्या शेडमध्ये बरेच महिने पडून होता. येणारे-जाणारे त्यावर चहाचे ग्लास ठेवायचे. मला ते कधी जमलं नाही.

मी तेव्हा डोंबिवलीत पोलीस निरीक्षक होतो. पूर्वेला एकसारख्या दोन जुन्या इमारती शेजारी-शेजारी उभ्या होत्या. तळमजला आणि वर दोन मजले. एका सकाळी त्यांपैकी एकीची तळमजल्यावरची मधली भिंत बसली आणि वरचा स्लॅब खाली आला. वरच्या मजल्यांवरचे लोक जखमी झाले, पण वाचले. तळमजल्यावर मागच्या खोलीत एक बाई स्वयंपाक करत होत्या. त्या गेल्या. त्यांचे यजमान खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ते तेव्हा ड्युटीवर होते.

आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली होती. दुसऱ्या दिवशी ते मेकॅनिक स्वतः ठाण्यात आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"साहेब, त्या गिरणीवाल्याने भिंत फोडलीय."

गिरणी त्याच तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होती; त्या सकाळी ती अजून उघडायची होती. यांची खोली मागे, अंगणाच्या बाजूला. दोघांच्या मध्ये तीच भिंत.

"दिवाळीच्या आधी त्याने नवीन मशीन आणलं. किती दिवस ठोकाठोक चाललेली. आमची भांडी थरथरायची. ही रोज म्हणायची, हा माणूस एक दिवस भिंत पाडणार बघा."

एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा दाखल करून मी त्याच संध्याकाळी गिरणीवाल्याला अटक केली.

पन्नाशीचा, अंगाला अजून पिठाचा वास असलेला माणूस. आमचे एक जुने हवालदार चौकशीला बसले. त्यांची जीभ तिखट होती.

"भिंत का फोडलीस?"

"नाय फोडली साहेब. मी दळतो, फोडत नाय."

"हो का? मग उद्या जजसाहेबांना ज्वारीच दळून दाखव."

"खरंच नाय. मशीन जमिनीवर बसवलंय, नटबोल्ट मारून. भिंतीला हात पण नाय लावला." मग म्हणाला, "मागच्या वहिनींचा गव्हाचा डबा दळून माझ्या घरी नेऊन ठेवलाय. भाऊंना तेवढा पोचवाल?"

हवालदार माझ्याकडे बघायला लागले. माझा अनुभव असा, की खोटं बोलणारा माणूस दर वेळी थोडं जास्त सांगतो. गोष्टीला शेपूट वाढत जातं. या माणसाचं उत्तर कितीही वेळा विचारलं तरी तेवढंच राहिलं. एकदाच त्याने त्यात भर घातली.

"ठोकाठोक तर पलीकडून पण यायची साहेब. मला वाटायचं, फळी-बिळी बसवतायत."

ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं.

कल्याणच्या एका कॉलेजात स्थापत्य शिकवणाऱ्या मॅडमना आम्ही तज्ज्ञ म्हणून बोलावलं. त्या ढिगाऱ्यावर चढल्या आणि आधी मलाच विचारलं, "यात पिलर दिसतोय का कुठे?"

"नाही."

"असणारच नाही. या जुन्या बांधकामात भिंतच पिलर. बाहेरच्या भिंती एका विटेच्या. मधली दीड विटेची, कारण दोन्ही बाजूंच्या स्लॅबचं वजन तिच्यावर येतं. घरातली सगळ्यात जाड भिंत म्हणजे सगळ्यात जास्त ओझं वाहणारी भिंत."

मग आम्ही त्या भिंतीचे तुकडे वेगळे करायला लागलो, आणि तो तुकडा सापडला. एका टोकाला तो पुरा दीड विटेचा जाड होता. तिथून पुढे दोन्ही बाजूंनी आत गेलेला. मध्ये उरली होती जेमतेम अर्धी वीट. एका अंगाला निळा रंग, त्यावर उदबत्तीची राख आणि मेणाचे ओघळ. दुसऱ्या अंगाला तेलाची काजळी आणि कुंकवाचे डाग.

दोन कोनाडे. पाठीला पाठ लावून.

गिरणीवाल्याला समोर बसवून मी प्रश्न बदलला. "मशीन राहू दे. त्या भिंतीवर तुझं काय काय होतं?"

"कॅलेंडर, बोर्ड... आणि बुद्धमूर्तीचा कोनाडा."

"तो कुणी केला?"

"मीच. दोन रविवार बसून. मधलीच भिंत घेतली, बाकीच्या पातळ. म्हटलं, हिला काय होतंय!" मग त्याचा चेहरा बदलला. "साहेब, कोनाडा म्हणजे भिंत फोडणं नाय ना?"

वरच्या मजल्यावरच्या लोकांकडून कळलं, की पलीकडे मेकॅनिकनेही तोच विचार केला होता. बायकोला देव्हारा हवा होता, म्हणून सुट्टीच्या दिवशी छिन्नी-हातोडी घेऊन त्याच जाड भिंतीत कोनाडा कोरला. दिवाळीला संगमरवरी मंदिर आणलं, ते बसेना, म्हणून तो आणखी रुंद केला. मॅडमनी मला विटा मांडून दाखवलं. लहान कोनाड्यावर विटा आपापसात कमान धरतात, वजन बाजूला सरकवतात. रुंदी वाढली आणि वर वजन पेलणारी आडवी तुळई नसली, तर ती कमान सुटते. त्यात पलीकडूनही तेवढंच कोरलेलं. "एकच असता तर बहुधा निभावलं असतं," त्या म्हणाल्या.

हे सगळं मी गिरणीवाल्याला सांगितलं. सुटणार म्हणून तो खूश होईल असं मला वाटलं होतं. त्याने वेगळंच मागितलं.

"भाऊंना सांगू नका."

"का?"

"बायकोसाठी केलं होतं त्यांनी. कसे जगतील ते? माझ्यावरच राहू द्या थोडं. अर्धं तर माझं आहेच ना."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत आरोपीने गुन्हा वाटून मागितल्याचं मी तेवढंच एकदा पाहिलं. हवालदार उठून बाहेर गेले.

गप्प राहणं मला शक्य होतं. अहवालात काय ते लिहायचं आणि त्या माणसासमोर जायचंच नाही. पण शेजारची इमारत उभी होती. तोच नकाशा, तीच मधली भिंत, आत माणसं राहत होती. आम्ही घरोघरी विचारत फिरलो, "भिंत फोडलीय का?" सगळे मनापासून नाही म्हणाले. एका घरात तर आम्हाला प्रसाद मिळाला, त्या भिंतीतल्याच देव्हाऱ्यासमोरचा. पोलिसांच्या सांगण्यावरून कुणी देव हलवायला तयार नव्हतं.

मी मेकॅनिकना ठाण्यात न बोलावता त्यांच्या भावाच्या घरी, साध्या कपड्यांत गेलो. जमेल तेवढं हळू सांगितलं. शेवटी त्यांनी आपले हात पुढे धरले, मेकॅनिकचे, ग्रीस बसलेले.

"ती म्हणालेली, एवढा रुंद नको. मीच म्हटलं, भिंत जाड आहे गं."

मी फक्त शेजारच्या इमारतीचं सांगितलं.

दोघांपैकी कुणा एकाचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असा अहवाल मी पाठवला. गिरणीवाला सुटला. चौदावं उरकल्यावर मेकॅनिक शेजारच्या इमारतीत गेले. सोबत गिरणीवाला होता. कुणी पाठवलं नव्हतं. दारोदार जाऊन त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मी रस्त्यावर जीपजवळ उभा होतो. थोड्या वेळाने एक बाई देव ताम्हनात घेऊन बाहेर आली आणि तिने ते बाकड्यावर ठेवले. मग दुसरी आली. आठवडाभरात गवंडी लागले.

या केसने मला शिकवलं ते एवढंच, की माणूस खरं बोलत असतानाही आपला प्रश्न चुकलेला असू शकतो. गुन्हा शोधताना आपण वाईट हेतू शोधतो. इथे दोन्ही बाजूंना श्रद्धा होती, प्रेम होतं, आणि मध्ये अर्धी वीट.

निवृत्तीनंतर मी एकदा तिथे गेलो होतो. शेजारच्या इमारतीतली ती भिंत उभी आहे. तळापासून वरपर्यंत प्रत्येक घरात तिच्यावर नव्या प्लास्टरचा एक चौकोन दिसतो, रंग जुन्याशी न जुळलेला. लोक सुखाने राहतात. मी सांगितलं ते बरोबरच होतं, हे मला कळतं. पण ते हात पुढे आलेले मीच पाहिलेत, आणि त्यांनी माझ्या मनात पाडलेला कोनाडा अजून बुजलेला नाही.