शिंगाड्याच्या पानांवरची चार अंडी

सकाळचे पाच वाजून दहा मिनिटं. लाई युए-ओ कंबरभर पाण्यात उभी राहून शिंगाड्याची पानं उलटून पाहते आहे. पानामागं भुंगेऱ्याच्या अंड्यांचा पिवळा पुंजका दिसला, की पान खुडायचं आणि कंबरेच्या पिशवीत टाकायचं. आजचा सव्विसावा दिवस.

तळ्याच्या मधोमध तरंगत्या पानांवर कमळपक्ष्याची चार अंडी आहेत. नर उबवतो. मादी अंडी घालून पुढच्या तळ्यात दुसरा संसार मांडायला गेली. त्यांच्यात रीतच तशी.

तैवानच्या दक्षिणेत शिंगाडा म्हटलं की क्वानत्येन. शिंगाडा निघाला की तळं आटवायचं आणि चिखलात भात फेकून पेरायचा. बारा वर्षांपूर्वी बी चिमण्यांनी टिपू नये म्हणून युए-ओनं ते कीटकनाशकात भिजवलं. तिसऱ्या दिवशी चिखलात सतरा कमळपक्षी मेलेले मिळाले. तिनंच ते पुरले. तेव्हापासून ती रोपं लावते, बी फेकत नाही. शिंगाड्यावरची फवारणी मात्र सुटली नव्हती. यंदा अंडी दिसली त्या दिवशी तिनं पंप घरी नेऊन ठेवला, आणि त्याच आठवड्यात भुंगेरा आला. अंडी फुटेपर्यंत पीक नुसत्या हातांनी राखायचं होतं.

शेजारच्या तळ्याचा चुआंग बांधावरून रोज विचारायचा, "वहिनी, आज किती पानांची विचारपूस झाली?"

"तुमच्यापेक्षा पानं बरी, भाऊजी. उलट बोलत नाहीत."

"एक फवारा मारा, मोकळ्या व्हा."

"किडे मेले तर पिल्लं काय तुमचं डोकं खातील? तिथं तर काहीच नाही."

नवव्या दिवशी तो आपलं तळं फवारायला पाठीवर पंप चढवून आला. वारा तिच्या तळ्याकडं होता. युए-ओ पाण्यातून वर आली, त्याच्या समोर बांधावर उभी राहिली.

"वारा फिरेपर्यंत नाही."

"आणि नाही फिरला तर?"

"तर बसा इथंच. चहा पाठवते."

वारा दुपारी फिरला. तोवर त्यानं तीन कप चहा प्यायला.

आज सात वाजता नर घरट्यावरून उठला. पंख अंगाशी घट्ट धरलेले, आणि पंखांखालून बारीक, लांब बोटांचे पाय लोंबत होते. युए-ओनं ते मोजले. पुन्हा मोजले. आठ पाय, चार पिल्लं.

"चारही!" ती एवढ्यानं ओरडली, की चुआंग चपला हातात घेऊन धावत आला. त्यानं पिल्लं पाहिली, मग तिची पानं पाहिली. कडेला थोडी कुरतडलेली, बाकी हिरवीगार, खाली टपोरे शिंगाडे. त्याच्या तळ्यात तीन फवारण्या होऊनही पानांची चाळण झाली होती.

"वहिनी, ती पिशवी कुठं मिळते?"

"शिवावी लागते. आणि पाठ मोडून घ्यावी लागते."

"मोडेन."

उद्या सकाळी पाच वाजता युए-ओ चुआंगच्या तळ्यात उतरेल. पूर्वेकडच्या दोन ओळी तिच्या, बाकीच्या त्याच्या.