जोडीची पाटी

समुद्रकाठच्या नवापुरात आमच्या शाळेत पाट्या कमी आणि पोरं जास्त, म्हणून गुरुजी दोघांत एक पाटी देत. एकाने तोंडाने सोडवायचं, दुसऱ्याने लिहायचं. परीक्षासुद्धा जोडीनेच. गावाला यात काही वावगं वाटत नसे. जाळं तरी कोण एकटा ओढतो? माझ्या पाटीवर माझी चुलत बहीण होती, माझ्याच वयाची. गणित तिचं, अक्षर माझं. गुरुजी विचारत, "एकोणतीस सत्ते?" आणि माझी पेन्सिल पाटीला टेकायच्या आत ती म्हणे, "दोनशे तीन." सातवीपर्यंत आम्ही पहिला नंबर सोडला नाही. दोघींत मिळून एक नंबर.

त्या सुमारास तारापूरला अणुवीज केंद्राचं काम सुरू झालं. बाहेरगावची साहेबमंडळी राहायला आली, त्यांची मुलं आली, आणि पालघरच्या एका हायस्कुलाला शिंगं फुटली. आठवीला सरसकट प्रवेश बंद. परीक्षा घेणार आणि हुशार तेवढी निवडणार. काका माझ्या बहिणीला म्हणाला, "घेतला तर जा. नाय घेतला तर बोंबील हायेतच." माझ्या बापाचंही तेच म्हणणं. दुसऱ्या शाळेत घालू, असं म्हणणारं आमच्या आळीत कोणी नव्हतं.

परीक्षेला आम्हाला हॉलच्या दोन टोकांना बसवलं. आमच्यापैकी एकीनेही तोवर अख्खा पेपर एकटीने सोडवलेला नव्हता! तिची उत्तरं डोक्यात तयार होती, पण हात अक्षरागणिक अडखळत होता. वेळ संपला तेव्हा तिचा अर्धा पेपर कोरा. मी मोत्यासारख्या अक्षरात निबंध लिहिला आणि गणितं अंदाजपंचे ठोकून दिली. मला घेतलं, तिला नाही. शाळेचा यात काय दोष, असं लोक म्हणतात. मी म्हणते, दोषच. आम्ही दोघी मिळून एक हुशार मुलगी होतो. तिला मधोमध चिरून त्यांनी अर्धी ठेवून घेतली.

पालघरला मी मावशीकडे राहिले. वर्गातल्या मुली माझ्या 'हाय-नाय'ला हसत, ते सोसलं. फळ्यावरचं बीजगणित मात्र सोसेना. दिवाळीच्या सुट्टीत पुस्तक घेऊन मी धावत बहिणीकडे गेले. ती किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. हात फडक्याला पुसून तिने पुस्तक घेतलं आणि ते पान वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"यात आकडे कुटं हायेत?"

"अक्षरंच आकडे समजायची."

"मना नाय जमायचा. तुजा तू बग."

मासळीचा वास लागू नये म्हणून तिने पुस्तक दोन बोटांत धरून मला परत दिलं. मला रडू फुटलं. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

नववीत मी नापास झाले. नापासांना ठेवून घेतलं तर शाळेचं नाव कसं राहणार? मला काढलं आणि माझी जागा दुसऱ्या कोणाला दिली. हिची जोडीदारीण कुठे आहे, तिला आणा, असं काही कोणाच्या मनात येणार नव्हतं.

घरी कोणी रागावलंही नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी मी किनाऱ्यावर जाऊन बहिणीशेजारी उभी राहिले. तिने सरकून जागा दिली. बोंबील वाळवायचे तर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकायची असते. एकाचा जबडा सुटला की दोन्ही खाली. माझी सवय मोडली होती. माझ्या जोड्या घसरून वाळूत पडत होत्या आणि ती उचलत होती.

मी विचारलं, "एकोणतीस सत्ते?"

तिने मान वर केली नाही.

"नाय आटवत," ती म्हणाली, आणि पडलेली जोडी झटकून दोरीवर टाकली.