उत्तमकाकांनी स्क्रीन पाहिलीच नाही

मी सरकारी ड्रोन पुरात मुद्दाम बुडवला होता.

हो, मुद्दाम. "तांत्रिक बिघाड" लिहून टाका म्हणून बऱ्याच जणांनी सुचवलं. मी नाही लिहिलं.

आणि "बुडव" म्हणणारा माणूस जाऊन आज एक वर्ष झालं. म्हणून आज सगळं सांगते. पोस्ट लांब आहे, चुपचाप वाचा.

उत्तमकाका. तेल्हाऱ्याकडचे. सारी नोकरी विजेच्या खांबावर गेली, लाइनमन होते. रिटायर झाल्यावर घरी करमेना, म्हणून आपत्कालीन पथकात स्वतःहून आले.

मी ड्रोन उडवायची आणि काका माझे स्पॉटर. म्हणजे मी स्क्रीन पाहायची आणि त्यांनी आभाळ पाहायचं. तार, झाड, पक्षी, काही आडवं आलं की मला ओरडून सांगायचं. एवढंच काम.

"एवढंच" असं मला वाटायचं. मी शहाणी ना!

पहिल्याच उन्हाळ्यात पातूरकडच्या जंगलात वणवा लागला. वरून आग पाहायला आम्ही गेलो. स्क्रीनवर असं काही भल्लं दृश्य की बस! मीच म्हटलं, काका, या ना, पहा तर खरं. काका आले, वाकले, पाहत राहिले.

आणि ड्रोन तारेत गेला.

खाली रस्त्यावर एक माणूस बाइक थांबवून उभा होता. त्याच्यापासून हातभर अंतरावर ड्रोन आदळला. हातभर! त्याच्या डोक्यात पडला असता तर?

आयुष्य तारांवर काढलेला माणूस, आणि त्याच्याच ड्युटीत ड्रोन तारेला लागला. काका त्या दिवशी चहासुद्धा प्यायले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आले ते थेट माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"आता मी त्यात पाह्यत नाई, पोरी. दोघंही तिथंच पाहून राह्यलो, तं वर कोन पाहीन?"

झालं. त्यानंतर कधीच नाही. मी लय चिडवायची. काका, तुमचं गाव दिसून राहिलं, तुमचं घर दिसून राहिलं. ते म्हणायचे, दिसू दे. मान काही वळायची नाही.

मग तो पूर आला.

एका गावात शाळेच्या स्लॅबवर आम्ही उभे. खाली जिकडे पाहावं तिकडे गढूळ पाणी. तिघं जण वाहून गेले असं गाव म्हणत होतं. मी ड्रोन पाठवला आणि दहाव्या मिनिटाला दिसले! एका गोठ्याच्या टिनावर म्हातारी, तिचा मुलगा, सून. आणि एक बकरी!

अहो, काय सांगू! सरपंच, तलाठी, गावातले पोट्टे, सगळे माझ्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये घुसले. कोणी रडतंय, कोणी नावं घेऊन हाका मारतंय. मी पटकन लोकेशन कळवलं. हेलिकॉप्टर निघणार होतं, पण तासाभराने, असा निरोप होता. गोठ्याची एक भिंत खचत होती, म्हणून मी ड्रोन तिथेच घिरट्या घालत ठेवला.

एवढ्या गलक्यात काकांचा आवाज आला.

"ड्रोन काढ तिथून. हेलिकॉप्टर आलं."

मला हेलिकॉप्टरचा आवाजही येत नव्हता, आणि निरोप तर तासाभराचा होता. मी म्हटलं, काका, दोन मिनिटं. ते म्हणाले, नाई.

नियम साधा आहे. माणसं बसलेलं विमान किंवा हेलिकॉप्टर आलं की ड्रोनने आभाळ सोडायचं. पंख्यात ड्रोन गेला तर वरचेही जातील आणि टिनावरचेही.

माझं बोट परतीच्या बटणावर गेलं. काका तसेच पाठमोरे, आणि तरी त्यांना कळलं.

"परत बोलावू नको. वर चढते तो. तिथंच बुडव."

खरंच होतं! परतीचं बटण दाबलं की ड्रोन आधी वर चढणार, मग निघणार. तारांच्या वरून यावा म्हणून ती उंची मीच लावली होती, पातूरनंतर. आणि हेलिकॉप्टर ढगांखालून, अगदी कमी उंचीवरून येत होतं. टिनावर उतरवावा तर पात्यांनी ती माणसं कापली गेली असती.

मी ड्रोन जरा बाजूला घेतला आणि स्टिक खाली ओढली. ओढतच राहिली. स्क्रीनवर पाणी मोठं मोठं होत आलं आणि मग सगळं काळं.

"मॅडमनं पाडला," कोणीतरी म्हणालं.

आणि तेवढ्यात ते आमच्या डोक्यावरून गेलं! इतकं खालून की सरपंचांची टोपी उडाली. आणि पुढे गोठ्यावर, क्षणापूर्वी माझा ड्रोन होता, बरोब्बर तिथंच गेलं. बाप्पा! आत्ता लिहिताना पण काटा आला अंगावर.

तिघंही वाचले. (बकरीला नंतर बोटीतून आणलं. नाहीतर कमेंटमध्ये तेच विचाराल.)

स्लॅबवर सगळे नाचत होते. मी रडून राहिली होती आणि हसूनही राहिली होती. हेलिकॉप्टर दिसेनासं होईपर्यंत काकांनी मान खाली केली नाही.

माझ्या रिपोर्टखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "मी सांगतलं म्हून बुडवला." आणि सही.

मागच्या वर्षी दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत.

त्यांच्या मुलीने फोटो मागितला. म्हणाली, ताई, तुमच्याजवळ बाबांचे लय असतील. मी सारा मोबाइल पालथा घातला. प्रत्येक फोटोत मी आहे, साहेब आहेत, गावकरी आहेत. आणि काका पाठमोरे. चेहरा एकाही फोटोत नाही. शेवटी घरच्यांनी ओळखपत्रावरचा जुना फोटो लावला.

आज हा शाळेच्या स्लॅबवरचा टाकते. सगळे स्क्रीनमध्ये डोकं घालून आहेत. कोपऱ्यात खांद्यावर चौकडीचा रुमाल, मान वर करून जो एकटा उभा आहे, ते आमचे उत्तमकाका.

जय भीम, काका. लय आठवण येते. वर पाहूनच आदरांजली वाहते.