टाकीचा शेरा

आमच्या घराची चूल एका शेऱ्यावर पेटायची. आमचे हे सरकारी कंत्राटदार. बेंगळुरात शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या बांधायचे. काम संपलं की इंजिनीअर साहेब शेरा लिहीत, समाधानकारक किंवा असमाधानकारक. आदल्या वर्षी एक काम रेंगाळलं आणि वाईट शेरा बसला. आणखी एक बसला असता तर सरकारी यादीतून नाव कटलं असतं, आणि मग बसा घरी हात चोळत.

तशात आमच्या गल्लीमागच्या शाळेत टाकी बांधून झाली. तिची परीक्षा साधी. पाणी भरायचं, पातळीला रेघ मारायची आणि दोन दिवसांनी पाणी रेघेवर आहे का बघायचं. साहेबांनी स्वतः रेघ मारली. हे लगेच देवनहळ्ळीच्या कामावर गेले आणि मी बहिणीकडे.

घरी राहिल्या मोठ्या नणंदबाई, आमच्या अक्का. "नवी गंगा भरली आणि पूजा नाही? ही कुठली रीत!" असं म्हणत त्यांनी अख्ख्या गल्लीतल्या बायका गोळा केल्या. पूजा झाली, ओटी झाली, मग तीर्थ. आता तीर्थ म्हणजे पळीभर! पण उन्हाळ्याचे दिवस, गल्लीतले नळ कोरडे. बायांनी घागरी भरून नेल्या. मेलं, तीर्थ कुणी कमरेवर नेतं का?

साहेब आले तेव्हा पाणी रेघेच्या चांगलं चार बोटं खाली. टाकी गळते, असमाधानकारक. खाली सही.

हे डोकं धरून बसले. "साहेबांना उलट बोलायचं नसतं," म्हणाले.

"उलट नका बोलू, पण सरळ तरी बोला!" माझा आवाज चढला.

आमचं हे चाललेलं असताना अक्का कौतुकाने सांगायला लागल्या, पूजेला किती बायका आल्या होत्या, कशा घागरी भरभरून नेल्या. मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी अक्कांना घेऊन मी थेट कचेरीत.

कुणालाही न भिणाऱ्या अक्का तिथे पदर आवरून खालमानेने उभ्या राहिल्या. "साहेब, पाणी आम्ही नेलं." कारकून फिदीफिदी हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी कन्नडात विचारलं, "किती घागरी?"

"अय्यो, तीर्थ कुणी मोजतं का?"

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "सरी, ठीक आहे. पुन्हा भरा. आणि अम्मा, या वेळी पूजा माझ्यानंतर."

टाकी पुन्हा भरली. दोन दिवस अक्का दारात राखण करत बसल्या, एकीला फिरकू दिलं नाही. पाणी रेघ सोडून तसूभर हललं नाही. साहेबांनी आमच्यादेखत स्वतःचा शेरा खोडला, नवा लिहिला आणि बाजूला सही केली. मला तर त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

काही महिन्यांनी तोच कारकून बाजारात भेटला. या वेळी तो हसत नव्हता. सरकारी माणसालाही वर्षाचा शेरा असतो हे तेव्हा मला कळलं. वरच्या अधिकाऱ्याने म्हटलं होतं, कंत्राटदाराचा शेरा बदलला म्हणजे काहीतरी खाल्लं असणार. साहेबांची बढती थांबली होती.

माझ्याकडून हे ऐकताच आमचे हे साहेबांच्या घरी गेले. वरच्यांपुढे येऊन सगळं सांगतो, हवं तर गल्लीतल्या बायका उभ्या करतो, म्हणाले. साहेबांनी त्यांना बसवलं, कॉफी दिली.

"टाकी गळते का?" त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब."

"मग मी बरोबरच लिहिलं. तुम्ही पुढचं काम बघा."

ह्यांनी पुढचं काम बघितलं, त्याच्या पुढचीही बघितली. त्यावर आमची मुलं शिकली, लेकींची लग्नं झाली. साहेब निवृत्त झाले ते त्याच खुर्चीवरून.