पोर्थविडनचा न झालेला बांध

...तर सायलसने ती तार खिशात घातली, इथवर काल सांगून झालं. खिशात ती राहिली असेल फार तर दहा मिनिटं. पण तेवढ्यात आपले केस पिकले, असं तो पुढे म्हणायचा.

सायलस हा धाकट्या मालकांचा खासगी नोकर. धाकटे मालक म्हणजे लायनेल कार्विदन, आमच्या पोर्थविडनच्या लॉर्डसाहेबांचे, ह्यूगोंचे, भाऊ. थोरल्याला जहागीर आणि लॉर्डपद, धाकट्याला लंडनच्या खालच्या सभागृहातली जागा, अशी त्या घराण्याची वाटणी. चौदा वर्षांत मालक तिथे एकदाच बोलले. तेही कुणाच्या तरी पायावर पाय पडला म्हणून माफी मागायला! गावाची हसून हसून पुरेवाट झाली. पण बंदराच्या तोंडाशी दोन होड्या फुटल्या, सायलसच्या बहिणीचा, थॉमसिनचा, नवरा बुडाला, आणि या मुखदुर्बळ माणसाने लाटा अडवणाऱ्या बांधासाठी विधेयक आणलं. महिनाभर आरशासमोर भाषण घोकलं.

"मोठ्यानं, मालक! आरशाला पटलंय केव्हाच," सायलस ओरडायचा.

विधेयक त्या दुपारी यायचं होतं. मांडणारा हजर नसला की ते गळणार. दुसरा कुणी उभा राहणार नव्हता. सकाळीच बाकावर टोपी ठेवून मालकांनी जागा धरली होती. आणि तार सांगत होती, 'थोरले अत्यवस्थ. तुम्हाला हाका मारतात.' आमच्याकडची गाडी दिवसातून एकच, अकराची.

शेवटी सायलसला राहवेना. त्याने तार दिली.

"मालक, चार तासांचा तर प्रश्न. उद्याची गाडी धरू."

"ह्यूगो उद्यापर्यंत थांबेल, सायलस?"

"आणि समुद्र थांबेल?"

मालकांनी बोडक्यानेच स्टेशन गाठलं. दुपारी सभागृहात नाव पुकारलं गेलं, तेव्हा बाकावर नुसती टोपी होती.

थोरले आणखी तीन दिवस जगले. मग धाकटे लॉर्ड झाले, आणि लॉर्डाला खालच्या सभागृहाचं दार बंद. सरकारी पैशाचं काम तर वरच्या सभागृहात सुरूच करता येत नाही. त्यांच्या जागी निवडून आलेल्या गृहस्थाला समुद्र बघूनच मळमळायचं. बांध राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या हिवाळ्यात थॉमसिनचा मुलगा जेगो बंदराच्या त्याच तोंडाशी बुडाला. तार आणखी चार तास खिशात ठेवली असती तर, एवढंच सायलसच्या डोक्यात घुमत राहिलं. लॉर्डसाहेब तिच्या झोपडीपर्यंत पायी आले. सायलस दाराशी थांबला. थॉमसिनने त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुमचा भाऊ जायचाच होता, मालक. तुम्ही जाऊन काय तो वाचला? माझं पोर वाचलं असतं. कशाला गेलात?"

लॉर्डसाहेब म्हणाले, "ह्यूगोने मला ओळखलंसुद्धा नाही, थॉमसिन. तिन्ही दिवस तो मला आपला घोडेवालाच समजत होता. पण तुझ्यासमोर खोटं कसं बोलू? उद्या तशीच तार आली, तर मी पुन्हा गाडीतच बसेन."