सत्यभामेचा उजवा पाय

न्हवं गं राजे, खुर्च्या करणारी न्हवं. हापिसातल्या उंच खुर्चीला खाली पाय ठेवायची पट्टी असती ना, ती पट्टी दाबून बघायचं काम हुतं सत्यभामेचं. तसंच लिही, न्हाईतर वाचणाराला वाटंल बाई सुतार हुती.

तुला ठावं न्हाई ती, तू तवा गावाकडं हुतीस. आपल्या कोपरखैरण्याच्या घराच्या भिंतीला भिंत लागून ऱ्हायची. आपल्या साताऱ्याकडचीच. नवरा बाबासो एपीएमसीत कांद्याच्या गोण्या उचलायचा. उचलून उचलून कंबर धरली, मग घरी बसला. एक पोरगी शाळेत. मग सत्यभामेनं पदर खोचला आणि पावणे गावच्या एमआयडीसीत कारखान्यात लागली. शहाण्णव साल असंल, की सत्त्याण्णव. आपल्या घरावर पत्रा टाकला ते साल.

ती पट्टी कशी असती सांगते. हापिसात काम घेऊन आलेली माणसं खिडकीपुढं उभी ऱ्हात्यात, म्हणून आतल्या बाईची खुर्ची उंच, तोंडाला तोंड यावं म्हणून. पण खुर्ची उंच केली की पाय लोंबायला लागत्यात. सांजच्याला नुसत्या भोपळ्यावानी सुजत्यात. म्हणून खाली आडवी पट्टी. आता एक बाई उंच, एक बुटकी, तर पट्टी खालवर व्हायला पायजे. दोन्ही अंगाला लोखंडाच्या दांड्या, दांड्यांना पाच पाच खाचा, आणि आत स्प्रिंगवरचा खटका. पट्टी वर उचलली की खट वाजून खाचेत बसती. पार वर नेली की सुटून खाली येती. एवढंच हाय त्यात. पण तो खटका खाचेत पुरा बसला पायजे. अर्धाच बसला तर नुसतं बघून कळत न्हाई. बाईनं भार दिला की सटकतंय.

ते सत्यभामेच्या पायाला कळायचं. पुढं एक एक नग लोखंडी शिकंज्यात घट्ट आवळून बांधलेला. ती वाकून पट्टी हातानं वर घ्यायची, खट झालं की उजवा पाय ठेवून सगळं अंग त्याच्यावर टाकायची. पाच खाचा, पाच येळा. मग पट्टीच्या पोटाला पिवळ्या रंगाचं बोट, पास झाल्याची खूण. दिसाला सव्वाशे-दीडशे नग. चप्पल काढून करायची. सायेब म्हणायचे बूट घाल, कंपनी देती. तिनं घातला न्हाई. म्हणायची, बूट घातला की पाय बहिरा हुतोय. खटका पुरा बसला तर तळव्याला गच्च लागतंय, घराचा उंबरा लागावा तसं. अर्धा बसला तर तळव्याखाली बारीक काय तरी वळवळतंय, मुंगीवानी. ती मुंगी लागली की नग बाजूला.

पण आठ तास उभं ऱ्हायचं, बाई. सांजच्याला चालत घरी यायची तवा उजवा पाय तिचा नसायचाच. पोटरीवर शिरा अशा फुगलेल्या, येलावानी निळ्या. दारात आली की पायरीवर बसायची, आत जायचं सुद्धा त्राण नसायचं. मी तिथंच च्या द्यायची. म्हणायची, "काकी, दुसऱ्याच्या पायाला आराम पायजे म्हणून माझ्या पायाचं लाकूड झालं बघा." हसून म्हणायची, पण डोळं मिटलेलं असायचं.

तिची आस एकच हुती. कारखान्यात पॅकिंग म्हणून एक खातं हुतं. तिथं बाया बसून काम करायच्या. खोक्यात नग भरायचा, चिकटपट्टी लावायची, सगळं बसून. पुतळा म्हणून तिची मैत्रीण तिथं हुती, ती जेवायच्या सुट्टीत मुद्दाम म्हणायची, "सत्ते, बसून बसून माझ्या मांड्या भरल्या गं, थोडं उभं ऱ्हावं म्हणते." पण पॅकिंगला नुसत्या कायम झालेल्या बाया. आणि कायम व्हायचं तर दोनशे चाळीस दिवस एकसलग भरायचे. मधी न सांगता खाडा झाला की दिला ब्रेक, पुन्यांदा एकपासनं मोजायचं. सत्यभामेनं दाराच्या मागं कोळशानं रेघा वढल्या हुत्या, दिसाला एक. त्या दसऱ्याला तिला नऊच रेघा कमी हुत्या.

आता खंडेनवमीचं ऐक. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात हत्यारांची पूजा असती. मशिनींना झेंडूच्या माळा, लिंबू, नारळ. त्या वर्षी बेलापूरच्या एका हापिसाची चाळीस खुर्च्यांची मोठी आरडर हुती. मालकाला लई कौतिक. म्हणून मालकिणबाईंनी मशिनींबरुबर त्या पट्ट्यांना पण हळदकुंकू लावलं. चाळीस आरडरीच्या आणि एक जादा, एक्केचाळीस. सगळ्या टेबलावर ओळीनं मांडून, वर फुलं.

सत्यभामा आली तवा पूजा झाली हुती आणि नग तपासायचं ऱ्हायलं हुतं.

कृष्णात म्हणून फोरमन हुता. तिच्या म्हायेरच्या गावचा, त्यानंच तिला कामाला चिकटवलेली. तो म्हणाला, "सत्ताक्का, चारला टेंपो येतोय. उरक."

ती म्हणाली, "कुंकू लागलंय की रं ह्याला."

"मग?"

"मग पाय कसा लावू?"

कृष्णातलाबी ते पटलं. आपल्यात कुणाला चुकून पाय लागला तर हात लावून पाया पडतोय आपण, आणि हे तर पूजेतलं लोखंड. तो म्हणाला, "हातानं दाब की. लोखंडच हाय, हाताला काय येगळं लागणार हाय?"

मग तिनं दोन्ही तळहात टेकवून, दात व्हट खाऊन, एक एक पट्टी दाबली. सगळ्या टिकल्या. पिवळं बोट लावलं. चाळीस नग खुर्च्यांना जोडून झालं, आणि चारला टेंपो ते घेऊन गेला.

ती एक जादा पट्टी टेबलावर ऱ्हायली हुती. सगळी परसाद घेऊन निघाली. सत्यभामा पण निघाली आणि दारातनं माघारी फिरली. तिच्या जिवाला रुखरुख लागली हुती. आजवर एक नग पायाबिगर गेला नव्हता. तिनं पदरानं कुंकू पुसलं, पट्टीला हात लावून कपाळाला लावला, शिकंज्यात बांधली आणि पाय ठेवला. तिसऱ्या खाचेला मुंगी लागली. तिनं अंग टाकलं तशी पट्टी सटकन खाली, आणि नडगीची सालपटं निघाली.

हीच पट्टी हातानं पास झालती.

ती तशीच लंगडत कृष्णातकडं गेली. तो सायकलीला झेंडूची माळ बांधत हुता. त्यानं तिची नडगी बघितली, सगळं ऐकलं.

"एकच हाय न्हवं?"

"ही एक सापडली. त्या चाळिसात किती हायत, मला काय ठावं?"

"सत्ताक्का, माल गेला. आता मालकाला सांगितलं तर पहिल्यांदा इचारतील, पास कुणी केला. पिवळं बोट कुणाचं?" त्यानं माळेची गाठ आवळली. "किती दिवस ऱ्हायल्यात तुझं?"

"नऊ."

"मग नऊ दिवस तोंडाला कुलूप लाव. पॅकिंगला जाऊन बस. मग काय सांगायचं ते सांग."

"आणि तवर कोण पडलं तर?"

"पाय ठेवायची पट्टी हाय ती, तिच्यावर कोण नाचणार हाय?"

दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला आली माझ्याकडं, तवा सोनं हातात देऊन तशीच उभी ऱ्हायली. मी म्हणलं, बस. तर बसली न्हाई. मला सगळं तिनं तवा सांगितलं. रात्री नवऱ्याला पण सांगितलं. बाबासो आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "हे बघ, नऊ दिवस गप बसलीस तर जलमभर बसशील. पुढं तुझा पाय आणि तू." वाईट न्हवता गं तो. त्याला तिची पोटरी दिसत हुती.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन निघाली, रोजच्यासारखी. कारखान्याकडं वळायचं तिथं वळली न्हाई. बेलापूरच्या बसमधी चढली. उभ्यानंच गेली, गर्दी हुती.

हापिसाच्या दारात वॉचमन सोडंना. कुणाकडं काम हाय, चिठ्ठी हाय का. ही काय सांगणार? म्हणाली, "नव्या खुर्च्या आल्यात ना, त्यांना पाय लावायचाय." वॉचमनला वाटलं बाईच्या अंगात आलंय. तेवढ्यात आतनं एक बाई आली. ठेंगणी, गोल, केसात अबोलीचा गजरा. मालतीबाई नाव तिचं. तिथल्याच शहाबाज गावची, आगरी. खिडकीवर बसायची.

"काय गो बाय, कुनाला भेटाचा हाय?"

सत्यभामेनं सगळं सांगितलं. कुंकू, हात, नडगी, सगळं. मालतीबाई आधी हसली. म्हणाली, "खुर्चीला पाय लावाला खाडा करून आलीस? आमचे हापिसान लोका काम नाय कराला खाडा करतान." मग नडगी बघितली आणि हसायची थांबली. "चल गो आत."

खुर्च्या टेंपोतनं उतरवून खंडेनवमीच्या सांजच्यालाच मांडून ठेवल्या हुत्या. माणसं अजून यायची हुती. मालतीबाईनं आपली खुर्ची दाखवली, आणि दाखवता दाखवता पट्टीवर एक पाय ठेवून चढायला गेली.

सत्यभामेनं तिचा दंडच धरला. "अशा चढता तुमी?"

"मंग कशी चढू? माजी उंची बघ, खुर्ची बघ. जुने खुर्चीवर पन मी पायरी म्हनूनच चढतंय. आमी सगल्याच."

कारखान्यात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं की बुटकी बाई उंच खुर्चीवर चढणार कशी. सगळं अंग एका पायावर येणार, सगळ्यांत आधी.

तिनं चप्पल दाराबाहेर काढली. पट्ट्यांवर कुंकू तसंच हुतं, कुणी पुसलं नव्हतं. एक एक पट्टी पदरानं पुसायची, हात कपाळाला लावायचा, पाच खाचांवर पाच येळा अंग टाकायचं. शिकंजा न्हवता, मग मालतीबाई खुर्ची धरून उभी. दहाव्या खुर्चीला बाया यायला लागल्या. कोण हसली, कोण म्हणाली कसला नवस हाय. मालतीबाई त्यांना म्हणाली, "तुज्या तंगरीचा नवस हाय, उबी ऱ्हा तिकरं."

चौदाव्या खुर्चीला मुंगी लागली. मग बाविसाव्या. पुढं पुढं पाय थरथरायला लागला. तिला भ्या वाटलं, आता पायच थकला तर त्याला मुंगी कळायची कशी? मग दर दोन खुर्च्यांमागं भिंतीला टेकून थांबायची. एकोणचाळिसावी वाईट निघाली. तीन झाल्या. तिनं हापिसाच्या दारावरच्या झेंडूच्या माळेचा दोरा तिन्ही पट्ट्यांना खुणेला बांधला, आणि चाळिसावी बघितली. ती मालतीबाईची. ती चांगली हुती.

मालतीबाई म्हणाली, "बस आता हितंच."

"साडी मळकी हाय माझी."

"बस म्हनतंय ना."

मग बसली. हजारो पट्ट्या दाबल्या असतील, पण खुर्चीत बसून पट्टीवर पाय ठेवला तो पहिल्यांदाच. मालतीबाईनं वाकून पट्टी तिच्या मापाला लावून दिली, तिसऱ्या खाचेला. सत्यभामा मला म्हणायची, "काकी, पोटरीतनं काय तरी खाली उतरलं बघा, पाणी उतरावं तसं." तिथंच डोळा लागला. मालतीबाईनं तिला उठवलं न्हाई. बाजूच्या खिडकीवर उभी ऱ्हाऊन स्वतःचं काम केलं, तासभर.

निघताना सत्यभामा म्हणाली, "कारखान्यात कळवावं तर लागंल. न्हाईतर नव्या कशा येणार?"

मालतीबाई म्हणाली, "मी कलवतंय. तुजा नाव नाय घेत. सांगतंय का माजा पाय घसरला."

दुसऱ्या दिवशी सत्यभामा कामावर गेली तर तिचं हजेरीचं कार्ड कृष्णातच्या हातात.

"काल कुठं हुतीस?"

"पाय दुखत हुता."

"पाय दुखायला बेलापूरला जावं लागतंय व्हय?" तो तिच्याकडं बघंना. "फोन आलता. तीन पट्ट्या. बरुबर मोजून तीन. घसरून पडलेली बाई तीन खुर्च्यांवरनं पडती का गं? मालक काय खुळा न्हाई." मग तीन नव्या पट्ट्या तिच्यापुढं ठेवल्या. "ह्यांच्यावर पाय दे. ह्या गेल्या की म्हैनाभर घरी बस. ब्रेक हाय तुला. मी तुझ्यासाठी लई बोललो गं त्यांना."

तिनं तिन्ही तपासल्या. पाच पाच येळा. पिवळं बोट लावलं आणि घरी आली. ओल्या फडक्यानं दाराच्या मागच्या रेघा पुसल्या. मी च्या दिला, ती पायरीवरच बसली.

म्हैन्यानं परत उभी ऱ्हायली, त्याच जागेवर. दुसरा पाय कुणाचा हुता तसा? पण पुन्यांदा दोनशे चाळीस काय भरले न्हाईत. एकदा सासू वारली, एकदा पाय एवढा सुजला की जमिनीला टेकंना. पॅकिंगमधी बसली न्हाई ती कधी. एक मात्र झालं. पुढच्या खंडेनवमीला मालकिणबाई कुंकवाचं ताट घेऊन आल्या आणि इचारलं, "सत्यभामाबाई, तुमचा पाय झाला का?" झाला म्हणल्यावरच कुंकू लावलं. आता औंदा उन्हाळ्यात शिरांचं आपरेशन झालं, डाक्टरनं उभ्याचं काम बंद सांगितलं, आणि ती दोघं पोरीला घेऊन गावाकडं गेली.

जाताना मला एक काम सांगून गेली, ते माझ्यानं व्हईना. बेलापूर मला लांब पडतंय. म्हणून हे लिहून घे. जो कोण हे वाचंल आणि त्या बाजूला जाणारा असंल, त्यानं एवढं करा. उंच खिडक्यांचं हापिस हाय, शहाबाजची मालतीबाई म्हणून इचारा, ठेंगणी हाय, गजरा असतोय. तिला सांगा, सत्यभामेनं निरोप दिलाय. तीन वर्सं झाली, स्प्रिंगा आता ढिल्या पडल्या असतील. रोज खुर्चीवर चढायच्या आधी चप्पल काढ आणि पट्टीवर पाय नुसता दाबून बघ. मुंगी लागली तर चढू नगं. आणि बाकीच्या बायांना पण सांग.